कोपऱ्यावर थांबलेला दोरा

हातकाम करणाऱ्या आम्हा काहीजणांच्या शनिवारच्या बैठकीला पहिल्यांदा गेले, तेव्हा मी ताटावरचा एक रुमाल घेऊन गेले होते. पांढऱ्या केसमेंटच्या सुती कापडावर निळ्या दोऱ्यानं भरलेली वेल, कडेला क्रोशाची बारीक झालर. घरी, नात्यात, ऑफिसात दाखवून झाला होता आणि सगळ्यांनी "छान झालाय गं" म्हटलं होतं. इथे मात्र शेजारी बसलेल्या काकूंनी तो हातात घेतला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि एक शब्द न बोलता उलटा केला.

मागच्या बाजूला मी एका पानावरून दुसऱ्या पानावर जाताना दोरा तसाच लांब ओढून नेला होता. चार-पाच ठिकाणी जाड गाठी होत्या. संपलेल्या दोऱ्यांची टोकं लोंबत होती. माझे कान गरम झाले. काकूंनी त्या लांब ओढलेल्या दोऱ्याखाली नख घातलं आणि म्हणाल्या, "हा धुताना कशात तरी अडकणार बघा, आणि पुढचं पान आवळलं जाणार. पान संपलं ना, की मागच्या टाक्यांखालून सुई सरकवत न्यायची. दोरा दिसतही नाही आणि सुटतही नाही." मग रुमाल सुलटा करून मांडीवर पसरला, वेलीवरून बोट फिरवलं. "वेल तुम्ही स्वतः काढलीत. छापून घेतलेली नाही. प्रत्येक वळसा वेगळा आहे."

तीस-पस्तीस वर्षं मी सुईदोरा हातात धरते आहे. इतक्या वर्षांत माझं काम असं कुणी बघितलं नव्हतं. घरी परत येताना ठाण्याच्या तलावपाळीवरून चालत आले, आणि त्या "वळसा वेगळा आहे"चा आनंद मला कुठल्याही "छान"पेक्षा मोठा वाटत राहिला. त्यात कौतुक होतंच, पण त्याआधी त्यांनी बघितलं होतं. हातानं केलेली वस्तू दाखवायची तर ती उलटी करून बघणाऱ्याला दाखवावी, हे माझं मत त्या संध्याकाळी झालं आणि ते आजही तसंच आहे.

आमची बसायची जागा नौपाड्यात, घंटाळीच्या देवळापासून पाच-सात मिनिटांवर. एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावरची खोली. एरवी तिथे सोसायटीच्या मीटिंगा होतात, शनिवारी चार ते साडेसहा आम्ही. सतरंजी, दोन खुर्च्या गुडघे दुखणाऱ्यांसाठी, आणि रस्त्याकडची खिडकी, जिच्यातला उजेड सगळ्यांना हवा असतो म्हणून जागा दर आठवड्याला बदलायच्या असा अलिखित नियम आहे. आम्ही सातजण. क्रोशावाल्या काकू सगळ्यांत मोठ्या. कोपरीहून येणाऱ्या वहिनी काचेच्या नळ्यांची आणि मण्यांची तोरणं करतात. एक ताई धारवाडकडच्या, लग्न होऊन ठाण्यात आलेल्या. दोन तरुण मुली, त्यातली एक नर्स आहे आणि रात्रपाळी करून, थोडी झोपून, लोकरीच्या बाहुल्या विणायला येते. एक काका. आणि मी.

येताना प्रत्येकाच्या पिशवीत काहीतरी असतं. झालेलं, अर्धवट झालेलं, बिघडलेलं. बिघडलेलं आणायला सुरुवातीला फार लाज वाटते. पण खरं शिकणं तिथेच होतं. चांगलं झालेलं काम हातात घेतलं की आपण नुसते बघत बसतो. बिघडलेलं घेतलं की चारजणी पुढे सरकतात, "कुठून बिघडलं ते शोधू या" म्हणतात. फोनवर आम्ही एकमेकींना फोटो पाठवतोच, पण फोटोत उलटी बाजू येत नाही. कापड जाड की झिरझिरीत, दोरा ओढलेला की सैल, धुतल्यावर कसं राहील, हे बोटांशिवाय कळत नाही.

काकूंची टाचण्या-सुया टोचायची उशी आहे, मुठीएवढी, लाल सुती कापडाची. एकदा तिची शिवण उसवली आणि आतून काळेपांढरे केस बाहेर आले. नर्स मुलगी दचकली. तो गुंतवळ होता, काकूंच्या आईचा आणि त्यांचा स्वतःचा, विंचरताना कंगव्यात येणारा, वर्षानुवर्षं जमवून भरलेला. केसांना तेल असतं, त्यामुळे सुईला गंज चढत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात सुई आठवडाभर तशीच ठेवली तरी तिच्यावर तांबूस ठिपके येतात आणि मग ती पांढऱ्या कापडातून डाग पाडत जाते, हे इथे राहणाऱ्या प्रत्येकीनं अनुभवलेलं आहे. काकूंच्या सुया चकचकीत असतात. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी मिळून ती उशी पुन्हा शिवली. त्या दोन पिढ्यांच्या केसांना हात लावताना कुणी काही बोललं नाही.

धारवाडच्या ताई कसुती करतात. मला वाटायचं, कसुती म्हणजे इरकल साडीवरचं ते गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन. ताईंनी पहिल्यांदा शिकवलं ते नक्षीचं नाव नव्हतं, टाक्याचं होतं. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी, असे चार टाके. कापडावर आधी काही छापायचं नाही, ताणाबाणाचे धागे मोजत जायचं. गवंती म्हणजे आपला दुहेरी धावदोरा: जाताना एक घर सोडून टाके घालायचे, येताना सोडलेली घरं भरायची. म्हणून ती रेघ दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. मुर्गीचंही तसंच, ती पायऱ्यापायऱ्यांनी चढते. या कामात गाठ चालत नाही. दोरा पुन्हा आपल्याच वाटेनं परत आणून पक्का करायचा. मी पहिल्यांदा ताईंचा पदर उलटा करून बघितला तेव्हा मला उलटी बाजू सापडेचना. दोन-तीनदा उलटसुलट केला. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वाट आधीच ठरवायला लागते. कुठून जायचं आणि कुठून परत यायचं. नाहीतर मध्येच अडकता."

दुसऱ्याला वाट दाखवणं हे वस्तू दाखवण्यापेक्षा अवघड आहे. याबद्दल मला एक गोष्ट सांगायची आहे.

माझ्या आईकडे खाके होते. पातळ बटर पेपरवर नक्षी काढायची, मग रेघेवरून सुईनं अगदी जवळजवळ भोकं पाडायची. तो कागद कापडावर टाचून ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्यानं वरून पुसायची. गडद कापड असेल तर निळीऐवजी झिंकची पांढरी पूड. कागद उचलला की ठिपक्याठिपक्यांची वेल कापडावर उतरलेली असते. रॉकेलचा वास दोन दिवस खोलीत राहतो. आईचे खाके तिच्या मैत्रिणींच्या घरांतून फिरलेले. कुणाच्या मुलीच्या रुखवतासाठी गेलेले, वर्षानं परत आलेले, एका कोपऱ्यात कुणीतरी दुसऱ्याच अक्षरात "पाकळी एक कमी करा" असं लिहिलेलं. आई गेल्यावर ते मी पत्र्याच्या डब्यात ठेवले. आणि अशी वेळ आली की ऑफिसातल्या एकीनं मोराचा खाका मागितला, तेव्हा मी "सापडत नाही गं" म्हणाले. डबा कपाटात समोर होता. तो मोर फक्त माझ्याकडे असावा असं मला वाटलं होतं.

पुढे कितीतरी वर्षांनी डबा उघडला तेव्हा मोराचा कागद घड्यांवर तुकडे होऊन पडला होता. बाकीचे फिरलेले कागद मळके होते, तेलकट होते, पण शाबूत होते, कारण ते जिथे गेले तिथे कुणी ना कुणी त्यांची नक्कल करून, नव्या कागदावर भोकं पाडून, जुना-नवा दोन्ही परत पाठवले होते. मोराला नक्कल नव्हती. आता आम्ही शनिवारी एकमेकींचे खाके उतरवतो, आणि कुणी मागितला तर मी आधी देते, मग विचारते कशासाठी ते.

आमच्याकडे ही देवाणघेवाण नवी नाही. लग्नातलं रुखवत हे आणखी काय होतं? कार्यालयात एका बाजूला मांडलेलं टेबल, त्यावर क्रोशाचे रुमाल, मण्यांचा गणपती, सुपारीच्या बाहुल्या, काड्यांचं घर, आणि भोवती बायका. नवरीपेक्षा जास्त वेळ तिथे थांबणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. टोक उचलून बघणाऱ्या, "हा टाका कुठला गं?" विचारणाऱ्या, मंगलाष्टकं सुरू होईपर्यंत पर्समधल्या कागदावर घरं मोजून घेणाऱ्या. आता रुखवत बऱ्याच ठिकाणी ऑर्डर देऊन तयार आणतात. ते सुबक असतं. पण त्यासमोर उभं राहून टाका विचारायचा तर कुणाला, असा प्रश्न पडतो. संक्रांतीला आम्ही ठरवलं, वाण बाजारातून आणायचं नाही. कुणी क्रोशाच्या वाट्या, कुणी कापडी बटवे लुटले. कोपरीच्या वहिनींनी घरी केलेल्या हलव्याचे दागिने आणले नर्स मुलीच्या भाचीच्या बोरन्हाणासाठी. मंद आचेवर परात ठेवून, चमचा-चमचा पाक सोडत, बोटांनी खसखस हलवत राहायचं, तेव्हा एकेका दाण्याला काटे फुटतात. बोटांची टोकं भाजतात. वहिनींनी ती पुढे करून दाखवली, गुलाबी झालेली.

आमच्यातले काका पोखरण रस्त्यावरच्या लोकरीच्या मिलमधून निवृत्त झालेले. ठाणं आणि कापड हे नातं फार जुनं आहे. तेराव्या शतकात मार्को पोलोनं या बंदराबद्दल लिहिलं तेव्हा इथून बाहेर जाणाऱ्या मालात सुती कापडाचा उल्लेख केला आहे. रेमंडची मिल इथे १९२५ साली सुरू झाली आणि ठाण्यातल्या कितीतरी घरांची चूल तिच्या भोंग्यावर पेटायची. आता त्या जागेवर उंच इमारती आहेत. काका मेंडिंग खात्यात होते. मागावरून उतरलेलं कापड उजेडासमोर तिरकं धरून तपासायचं, गाठी वर काढायच्या, आणि जिथे विणताना धागा तुटला आहे, सुटला आहे तिथे त्याच कापडातला धागा सुईत ओवून, ताण्याबाण्याची वीण मोजत, हातानं भरून काढायचं. सूटच्या कापडात एक धागा चुकला तरी तो माल खालच्या दर्जाचा ठरतो. काका म्हणतात, "माझं काम दिसलं, तर ते काम चुकलं." अख्खा जन्म त्यांनी न दिसणारं काम केलं. घरी मात्र कधी सुई धरली नव्हती. त्यांची बायको वारल्यानंतर त्यांच्या मुलीनं त्यांना इथे आणून बसवलं. आधी ते नुसते बघायचे. एकदा नर्स मुलीच्या ओढणीला खिळ्यात अडकून भोक पडलं. काकांनी ती मागून घेतली आणि दीड तासानं परत दिली. आम्ही ते भोक शोधत बसलो.

"तुम्ही हे विकायला का नाही ठेवत?" हा प्रश्न प्रत्येक आठवड्याला कुणीतरी विचारतं. प्रेमानंच विचारतात. यावर आमच्यात वाद झालेला आहे. माझं म्हणणं सरळ आहे: ज्यांचं घर यावर चालतं त्यांनी विकावं आणि पूर्ण दाम घ्यावा. आपण, ज्यांना पेन्शन आहे, पगार आहे, त्या केवळ दोऱ्याच्या खर्चात वस्तू देऊन टाकतो आणि "माझा वेळ काय, असाच जातो" म्हणतो, तेव्हा शेजारच्या गल्लीत त्याच कामावर पोट असलेल्या बाईचा भाव पाडतो. हे मी पोटतिडकीनं सांगते, कारण मी ते केलेलं आहे. विणकामाला यंत्र आहे. क्रोशाची नक्कल करणारी यंत्रं आहेत, पण खरा क्रोशा, साखळीत सुईचा आकडा घालून खांब, म्हणजे उभा टाका, घालणारा, हातानंच होतो. म्हणजे मॉलमध्ये स्वस्तातला क्रोशाचा टॉप टांगलेला दिसला, तर तो कुणाच्या तरी बोटांनी विणला आहे, आणि त्या बोटांना काय मिळालं असेल ते किमतीवरून ओळखावं. काकू तर अशा दुकानासमोर थांबून खांब मोजतात. मग गप्प होऊन पुढे चालतात.

देण्याघेण्यात सगळ्यांत जास्त फिरतात त्या चिंध्या. उल्हासनगरला किलोवर कटिंग मिळतं. आम्ही दोघी-तिघी दुपारच्या अंबरनाथ लोकलनं जातो, पिशव्या भरून आणतो आणि सतरंजीवर ओततो. मग वाटप. हिरव्याला मागणी जास्त, तपकिरी कुणाला नको असतं आणि काका नेमकं तेच घेतात. माझ्या ब्लाउजच्या कापडाचा तुकडा ताईंच्या पिशवीच्या खणाला असतो, ताईंच्या खणाचा तुकडा कोपरीच्या वहिनींच्या नातवाच्या दुपट्याला. चिंधीला आपल्याकडे हलकं मानतात, आणि आपल्याकडेच गाडगेबाबांसारखा माणूस आयुष्यभर चिंध्यांचाच झगा अंगावर घालून झाडू घेऊन फिरला. लोक त्यांना गोधडेबाबा म्हणायचे. बाळाच्या अंगाला पहिलं कापड लावायचं ते जुनेराचंच, कारण शंभर धुण्यांनी ते मऊ झालेलं असतं. त्या मऊपणाला दुकानात पर्याय नाही.

जुनं कापड दगाही देतं. मी एका भाचीच्या बाळासाठी पांढऱ्यावर लाल काठाचे तुकडे जोडून दुपटं केलं, महिनाभर बसून. पहिल्याच धुण्यात लाल रंग सुटला आणि सगळं पांढरं फिकट गुलाबी झालं, तेही ठिकठिकाणी. मी ते शनिवारी नेलं. कुणी सांत्वन केलं नाही, त्याबद्दल मी आभारी आहे. ताईंनी पद्धत सांगितली: प्रत्येक तुकडा जोडण्याआधी भिजवायचा, ओला असतानाच पांढऱ्या रुमालावर दाबून घासायचा; रुमालाला रंग लागला तर तो तुकडा पुन्हा पुन्हा धुवायचा, आणि तरीही लागत राहिला तर पांढऱ्याशेजारी लावायचाच नाही. तेव्हापासून माझ्या पिशवीत एक पांढरा रुमाल असतो, आता नाना रंगांचे डाग पडलेला.

आणि मग मी ती गोधडी नेली.

आमच्या सासरी सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई साताऱ्याकडच्या. त्यांच्या तोंडी गोधडी हा शब्द नव्हताच, त्या वाकळ म्हणायच्या. आम्ही उथळसरला चाळीत राहत होतो. मी सकाळी लोकल पकडायची ती संध्याकाळी सातला घरी. मला आठवते ती गुंडाळून कॉटखाली सारलेली वाकळ. दिवसा ती उघडी असायची, रात्री बंद. चाळ पाडून इमारत व्हायची ठरली, आम्ही सगळे पांगलो, आणि नव्या घरात आल्यावर आत्याबाईंनी ती कधी उघडली नाही. डोळ्यांमुळे असेल असं मी धरून चालले. त्या २०११ साली गेल्या. वाकळ पेटीत राहिली, मध्ये वीतभर रुंद पट्टा न शिवलेला. मी ती पुरी करायचं मनात आणून कितीदा उघडली असेल. माझा टाका त्यांच्यासारखा पडत नाही, एवढ्यावरून प्रत्येक वेळी घडी घालून परत ठेवली.

सतरंजीवर पसरली तेव्हा आधी सगळे तिच्या मापाकडे बघत राहिले. काकांनी टेप काढला. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. नऊवारी लुगड्याची चार पदरी घडी घातली की पावणेसात फूट लांबी होते, आणि पन्हा चारेक फुटांचा. म्हणजे एका माणसाचं अंथरूण, एकही कात्री न लावता. हिला चौघडीही म्हणतात ते उगाच नाही. या वाकळेत दोन लुगडी होती, एकूण आठ पदर. काठाला समांतर धावदोऱ्याच्या ओळी, बाहेरून सुरू होऊन एकात एक चौकोन आत आत गेलेल्या, दोन ओळींत बोटभर अंतर. ताईंना त्यांच्याकडच्या सिद्दी समाजातल्या बायकांच्या कवंडी, म्हणजे गोधड्याच, आठवल्या. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ-यल्लापूर भागातल्या बायका एका कोपऱ्यातून सुरुवात करून कडेकडेनं आत येतात आणि चार कोपऱ्यांना कापडाच्या घडीची त्रिकोणी फुलं लावतात. त्या फुलांशिवाय कवंडी पुरी झाली असं मानत नाहीत. आत्याबाईंच्या वाकळेला फुलं नव्हती. नुसत्या ओळी होत्या. काकांनी हिशेब केला: दोन सेंटिमीटरला एक ओळ, सेंटिमीटरला एक टाका धरला तर पुऱ्या वाकळेत साडेबारा हजारांच्या आसपास टाके बसतात. मिनिटाला दहा घातले तरी एकवीस तास नुसती सुई चालते, दोरा ओवणं, कंबर सरळ करणं, चहा ठेवणं धरलं नाही तर.

मग त्यांनी ती उलटी केली, आणि कोपऱ्यांपाशी थांबले.

खूप वेळ ते एका कोपऱ्याकडून दुसऱ्याकडे सरकत राहिले, गुडघ्यांवर. "इकडे या," म्हणाले. "या कोपऱ्यावर दोरा वळतो. बघा, सलग गेलाय. समोरच्या तिरक्या कोपऱ्यावरही वळतो. पण या बाकीच्या दोन कोपऱ्यांवर वळत नाही. थांबतो. प्रत्येक ओळीत." काकू चष्मा पुसून वाकल्या. खरंच. चौकोनाच्या दोन बाजू एका दोऱ्यानं आणि उरलेल्या दोन दुसऱ्या दोऱ्यानं भरलेल्या होत्या. "हे एका हाताचं काम नाही," काका म्हणाले. "दोघीजणी समोरासमोर बसलेल्या आहेत. या बाजूच्या बाईनं प्रत्येक ओळ सुरू करताना गाठ मारली आहे. त्या बाजूच्या बाईनं एकही गाठ मारलेली नाही, दोन उलटे टाके घेऊन दोरा पक्का केलाय."

गाठ न मारणाऱ्या आत्याबाई होत्या. "आथरुणाला गाठ नगं, टोचती," हे मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं आहे, उशीच्या अभ्र्याला टाके घालताना सुद्धा. दुसरी कोण? घरी येऊन मी ह्यांना विचारलं. ह्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "पलीकडच्या खोलीतल्या मावशी. रत्नागिरीच्या. दुपारी जेवणं झाली की यायच्या, दाराशी बसायच्या, उजेड तिकडे होता. साडेचारला नळ यायचा, की दोघी उठायच्या." मी सात वर्षं त्या चाळीत राहिले, आणि त्या दाराशी काय चालायचं ते मला माहीत नव्हतं. मावशी चाळ सुटल्यावर मुलाकडे बदलापूरला गेल्या. दोनतीनदा येऊन गेल्या असतील, मग येणं थांबलं. खालचं लुगडं जांभळं आहे, बारीक चौकडीचं. आत्याबाईंच्या अंगावर मी ते कधी पाहिलेलं नाही.

पुढच्या शनिवारी काकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, जी माझ्या डोळ्यांसमोर इतकी वर्षं असून मला दिसली नव्हती. आतल्या शेवटच्या चौकोनाच्या दोनच बाजू शिवलेल्या होत्या. गाठ नसलेल्या बाजू. दोन उलटे टाके, मग काठाला समांतर ओळ, कोपऱ्यावर वळण, पुढची बाजू, आणि तिसऱ्या कोपऱ्यावर दोरा थांबवून, पक्का करून, कापून ठेवलेला. समोरच्या दोन बाजू कोऱ्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आत्याबाई तांदूळ निवडायच्या, सुईत दोरा स्वतः ओवायच्या, नातवाची बटणं लावायच्या. डोळ्यांचं कारण मी माझ्या मनानं लावलं होतं.

वाकळ पुरी करायची, यावर दुमत नव्हतं. दुमत झालं दोऱ्यावरून. जुना पांढरा दोरा पिवळट पडलेला. काकूंचं म्हणणं, नवा दोरा चहाच्या पाण्यात रंगवून घेऊ, मिळून जाईल. आम्ही सगळ्यांनी काकांकडे बघितलं, कारण धागा धाग्यात मिळवण्याचं त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. काकांनी वाकळेवरून हात फिरवला आणि म्हणाले, "लाल घ्या." एवढंच. कुणी कारण विचारलं नाही. काकूंनीच पिशवीतून लाल रीळ काढलं, आणि ताईंनी ते आधी ओलं करून पांढऱ्या रुमालावर घासून बघितलं.

वाकळ खिडकीपाशी पसरली. पाऊस होता, उजेड कमी होता, नर्स मुलीनं फोनचा दिवा धरला. मी नकळत आत्याबाईंच्या बाजूला बसले, सुई घेऊन, जिथे त्यांची ओळ संपली होती तिथे. काकूंनी माझ्या दंडाला हात लावला. "इकडून नको," म्हणाल्या. "त्यांची ओळ घालून झालीय."

मी उठून समोर जाऊन बसले. दोऱ्याच्या टोकाला गाठ मारली, कारण त्या बाजूला गाठीच होत्या, आणि कोपऱ्यापासून पहिला टाका घातला.